ट्यूबलाइट दिसायला हवी का?

मी स्टाफरूममधल्या खुर्चीवर उभी होते आणि चंदेरी कागदाचा एक चौकोन डोळ्यांसमोर धरून छताकडे बघत होते. आमचे मुख्याध्यापक बोरसे सर खाली खुर्चीची पाठ धरून उभे होते, कारण ती खुर्ची डुगडुगायची.

"काय दिसतंय मॅडम?" त्यांनी विचारलं.

"ट्यूबलाइट दिसतेय, सर."

"मग चांगलंय की."

"तेच कळत नाहीये," मी म्हणाले. "ती दिसायला हवी का?"

मी खाली उतरले आणि सरांना वर चढवलं. त्यांनाही दिसली. मग पुठ्ठ्याच्या चौकटीतला ग्रहणाचा चष्मा मी त्यांच्या हातात दिला. त्यातून बघितल्यावर त्यांना ट्यूबलाइट काय, छतही दिसेना. सगळा काळोख. सरांनी दोन्ही गोष्टी आळीपाळीने डोळ्यांना लावून बघितल्या आणि मग ते खाली उतरले. चष्मा आणि कागद, दोन्ही एकाच पाकिटातून आले होते. दोन्ही सूर्याकडे बघण्यासाठीच होते.

चाळीसगावच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. समास, वृत्तं, निबंध. दुर्बिणीशी माझा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. पण त्या वर्षी विजय नेहेते नावाच्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला दुर्बीण भेट दिली, आणि नेमक्या त्याच सुमाराला विज्ञानाच्या महाजन मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. खोक्यातली दुर्बीण कुणाच्या गळ्यात घालायची असा प्रश्न आला तेव्हा बोरसे सर म्हणाले की चंद्र-तारे कवितेत असतातच, तेव्हा खैरनार मॅडमनी बघावं. सगळे हसले. मीही हसले आणि खोकं घरी नेलं.

महिन्याभरात मला तिचं वेड लागलं. गुरूचे चंद्र पहिल्यांदा दिसले त्या संध्याकाळी मी गच्चीवरून यजमानांना इतक्या मोठ्याने हाक मारली की शेजारचे दोघे जिन्याने धावत वर आले. त्यानंतर दर दोन दिवसांनी माझ्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहायचा. गावात विचारायला कुणी नव्हतं. म्हणून मी इंटरनेटवरच्या 'दुर्बीण कट्टा' नावाच्या मराठी मंचाची सभासद झाले.

माझा तिथला पहिला प्रश्न असा होता: 'दुर्बिणीतून समोरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं उलटी दिसतात. दुर्बीण बिघडली आहे का?'

पहिला प्रतिसाद आला, 'टाकी उलटी बांधली असेल.' दुसरा आला, 'बाई, आपण शीर्षासन करून बघावं.' त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. संध्याकाळी नाशिकच्या पेठकर सरांचं एका ओळीचं उत्तर आलं, की आकाश बघायच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटीच दिसते, जुने धागे, म्हणजे मंचावरच्या आधीच्या चर्चा, वाचाव्यात. मी आभार मानले. शीर्षासनाचा विनोद मलाही आवडला होता. वर्गात मी त्याहून तिखट विनोद करते.

पण तिथे राहायला लागल्यावर हळूहळू कळलं की तो विनोद नव्हता, ती वहिवाट होती. नवं माणूस आलं की त्याला आधी दारात उभं करायचं. कारंज्याच्या एका मुलाने विचारलं की थोडक्या पैशांत कुठली दुर्बीण घ्यावी, तर त्याला सांगितलं गेलं की आधी नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रं ओळखून दाखव, मग तोंड उघड. कुणी विचारलं की शनीची कडी कधी दिसते, तर उत्तर आलं, 'ती दिसते त्यालाच दिसते.' 'अगस्ती' या नावाने लिहिणारा एक व्यवस्थापक होता. त्याचं काम धागे नीटनेटके ठेवायचं, आणि एकच प्रश्न दुसऱ्यांदा आला की तो धाग्याला कुलूप लावायचा, मग तिथे कुणालाच लिहिता येत नसे. ती माणसं वाईट नव्हती. आपल्या छंदावर त्यांचं जीवापाड प्रेम होतं. सुट्टीच्या दिवशी दुर्बिणी खांद्यावर घेऊन डोंगर चढणारी, एकमेकांना भिंगं उसनी देणारी माणसं होती ती. फक्त आपणही एके काळी दारात उभे होतो, हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मी शिक्षिका असल्यामुळे मला एक सवय आहे. कोण बोलतंय यापेक्षा कोण बोलायचं थांबलंय हे मला आधी दिसतं. एकदा विचारून परत न आलेली नावं मला पाठ व्हायला लागली होती. तो कारंज्याचा मुलगाही परत आला नाही.

मी मात्र जात राहिले. माझं एक नाव पडलं होतं, 'प्रश्नावलीबाई'. मी आले की कुणीतरी लिहायचं, 'आल्या, पेपर काढा.' मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण शिव्या खाल्ल्या तरी उत्तर पदरात पडायचं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खंडग्रास सूर्यग्रहण होतं. शाळेच्या मैदानात दुर्बीण लावून सगळ्या मुलांना ते दाखवायचं आम्ही ठरवलं होतं. हे ठरवणं सोपं नव्हतं. ग्रहणात मुलं घराबाहेर काढायची म्हटल्यावर पालकसभेत बरीच बाचाबाची झाली. एक बाई मला म्हणाल्या, पोराच्या डोळ्याला काही झालं तर तुमच्या दारात आणून बसवीन. मी भर सभेत सांगितलं की बसवा, जबाबदारी माझी. त्या शब्दावर निम्म्या घरांनी मुलं पाठवायचं कबूल केलं.

दुर्बिणीच्या तोंडाला सूर्यासाठीचा खास कागद लावावा लागतो. तो आपल्याकडे सहज मिळत नाही. पेठकर सरांनी स्वतः पुढाकार घेऊन तो मागवला होता आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांना, छंदवाल्यांना खर्चापुरत्या किमतीत पाकिटं पाठवली होती. या माणसाबद्दल मंचावर कुणीही वाकडा शब्द बोलायचं नाही. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, हाताने आरसे घासून दुर्बिणी घडवणारे, आणि आता घरची कामं सोडून अनोळखी शाळांसाठी कागद कापत बसलेले. मलाही त्यांचा आदरच होता. म्हणूनच तो चंदेरी चौकोन हातात घेऊन मी तशीच बसून राहिले.

त्या दुपारी मी मंचावर लिहिलं: 'सूर्यासाठी आलेल्या कागदातून स्टाफरूममधली ट्यूबलाइट दिसते. खिडकीचे गजही पुसट दिसतात. सोबत आलेल्या चष्म्यातून यातलं काहीच दिसत नाही. ट्यूबलाइट दिसायला हवी का?'

मधली सुट्टी संपायच्या आत प्रतिसाद आले. 'बाईंची ट्यूबलाइट उशिरा पेटली.' 'सूर्याचा कागद सूर्याकडे धरायचा असतो, छताकडे नाही.' एकाने लिहिलं की पेठकर सर आरसे घासत होते तेव्हा आपण पाढे पाठ करत होतो, तेव्हा जरा भान ठेवून विचारावं. शेवटी अगस्तीने लिहिलं, 'कागद सरांनी दिलेला आहे. विषय संपला.' आणि कुलूप लावलं.

मी बोरसे सरांना मोबाइल दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळं वाचलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांना आमंत्रण गेलेलं होतं, मांडववाल्याला सांगून झालं होतं. तरीही ते म्हणाले की तुमच्या मनात किंतु असेल तर दुर्बीण कपाटात ठेवू, मुलांना चष्म्यातून बघू दे. मला त्यांचा आधार वाटला, पण समाधान झालं नाही. माझी मुलं वाचली असती. ज्यांच्या हातात हीच पाकिटं होती त्या बाकीच्या शाळांचं काय? आणि मीच चुकत असेन, कागद तसाच असायचा असेल, तर एका अडाणी शंकेपायी मी मुलांच्या हातून ग्रहण काढून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिहिलं. निबंध तपासते तसा तो मजकूर तपासला. तक्रारीचा सूर काढून टाकला, सरांबद्दल आदर व्यक्त केला, दोन्ही गोष्टींतून काढलेले फोटो जोडले, आणि शेवटी म्हटलं की उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकंच हवं आहे.

या वेळी कुलूप आणखी लवकर लागलं. शिवाय निरोप आला की बंद केलेला विषय पुन्हा काढल्यामुळे आपल्याला मंचावर लिहिण्यास आठवडाभर मनाई करण्यात येत आहे. आठवडा संपेपर्यंत ग्रहण होऊन गेलं असतं.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. इतकी वर्षं लोकांच्या मुलांना वर्गाबाहेर उभं केलं, पण स्वतः बाहेर उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. माझे कान तापले. घरी यजमान म्हणाले, "सोड ना. कोण कुठली माणसं, तोंडसुद्धा बघितलं नाहीस त्यांचं." ते खरं होतं. तरी जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेतून निघताना मोबाइलवर एक खासगी निरोप आलेला दिसला. मंचावर लिहायला बंदी होती, पण निरोप येऊ-जाऊ शकत होते. मालेगावहून निखत शेख नावाच्या मुलीने लिहिलं होतं. ती बी.एस्सी. करत होती आणि गल्लीतल्या मुलांना ग्रहण दाखवणार होती.

'मॅडम, माझ्या कागदातूनपण ट्यूबलाइट दिसते. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. विचारणार होते, पण तुम्हाला काय काय बोलले ते वाचलं आणि नाही विचारलं.'

मी सायकलस्टँडपाशीच थांबले आणि तो निरोप पुन्हा वाचला. मग तिला विचारलं की खिडकी दिसते का. दिसते, असं ताबडतोब उत्तर आलं. संध्याकाळपर्यंत आणखी दोन निरोप आले. परतूरला एसटीच्या डेपोत काम करणारे भालेराव म्हणून एक गृहस्थ होते, त्यांना कागदातून घरातला दिवा दिसला होता. त्यांनी आपला प्रश्न लिहिला होता आणि माझा धागा बघून पुसून टाकला होता. आणि उदगीरचे एक डॉक्टर. त्यांनी लिहिलं होतं, 'मी डॉक्टर असून हे विचारलं तर लोक काय म्हणतील असं वाटलं. तुम्ही विचारलंत, बरं केलंत. कुलपानंतर कुठून उत्तर मिळालं का?'

तोवर मला वाईट वाटत होतं. आता राग आला. स्वतःसाठी नव्हे. चार गावांत चार माणसांना एकच गोष्ट दिसली होती. तिघं गप्प बसली होती, कारण चौथीचं काय झालं ते त्यांनी बघितलं होतं. आणि ही फक्त मला लिहिणारी तिघं. न लिहिणारी किती असतील कुणास ठाऊक.

पाकिटावर पेठकर सरांचा फोन नंबर होता. घरी न जाता मी बसस्टँडमागच्या रसवंतीच्या बाकावर बसून तो लावला.

त्यांचा आवाज मी समजले होते त्याहून म्हातारा होता. मी नाव सांगितलं.

"तुम्ही त्या मराठीच्या बाई," ते म्हणाले. "तुमचे धागे बंद केले ते मला कळलं. मी त्यात पडलो नाही. अगस्ती नियमाप्रमाणे काम करतो."

मी म्हटलं की मी तक्रार करायला फोन केलेला नाही.

"हे बघा, मी हा कागद बारा-पंधरा वर्षं वापरतोय. तोच व्यापारी, तेच वेष्टण. तुम्हाला दुर्बीण येऊन किती दिवस झाले?"

"दिवाळीनंतर आली, सर."

"मग?"

त्या 'मग'मध्ये सगळं आलं. एरवी मी गप्प बसले असते. पण निरोप पाठवणारी ती तीन माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती.

"सर, तुम्हीही शिकवलंय, मीही शिकवते," मी म्हणाले. "वर्गात एका मुलाने हात वर केला की मी उत्तर त्याच्या एकट्यासाठी देत नाही. ज्यांनी हात वर केला नाही त्यांच्यासाठी देते. मला मालेगावहून, परतूरहून, उदगीरहून निरोप आलेत. सगळ्यांना ट्यूबलाइट दिसतेय. त्यांनी कट्ट्यावर विचारलं नाही, कारण माझं काय झालं ते त्यांनी वाचलं."

मी आवाज जरा खाली आणला.

"मला उत्तर नको, सर. तुमच्याकडे त्यातला एखादा तुकडा उरला असेल. तो एकदा डोळ्यांसमोर धरून दिव्याकडे बघा. मी फोन धरून ठेवते."

मला वाटलं ते फोन ठेवून देतील. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं. कपाटाचं दार. एक बटण दाबल्याचा आवाज. रसवंतीवाल्याने माझ्यासमोर पेला आणून ठेवला आणि तो गेला. रस तसाच राहिला.

पावलं परत आली.

"बाई," पेठकर सर म्हणाले, "मला ट्यूब दिसतेय."

मग ते एखादा धडा समजावून सांगावा तसे शांतपणे बोलू लागले. सूर्याच्या कागदाचे दोन प्रकार असतात. एक डोळ्यांसाठी, एक नुसता कॅमेऱ्याने फोटो काढण्यासाठी. दोन्ही दिसायला सारखेच चंदेरी, पण कॅमेऱ्यासाठीचा कागद कितीतरी जास्त उजेड आत सोडतो. मागवला होता डोळ्यांसाठीचा, व्यापाऱ्याने पाठवला दुसरा. वेष्टणावर नाव बरोबर होतं. "मी गुंडाळी उलगडली, पट्टीने मापून कापली, पाकिटात घातली," ते म्हणाले. "डोळ्याला लावली नाही. इतक्या वर्षांत लावावी लागली नव्हती."

मी विचारलं, मुलांनी त्यातून दुर्बिणीतून बघितलं असतं तर?

"दुखलं नसतं. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही. त्यामुळे पोरं पुन्हा पुन्हा रांगेत आली असती." पालकसभेतल्या त्या बाईंचा चेहरा मला आठवत होता.

मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना आजही मानते. हळूच सगळ्यांना खासगी निरोप पाठवून मोकळं होता आलं असतं. त्यांनी मला विचारलं की सूचना कशी लिहू. म्हणाले, "माझं लिहिणं लोकांना जड जातं. तुम्ही सांगा, मी तसंच उतरवतो." तिथे बाकावर बसून मी त्यांना मजकूर सांगितला. कागद वापरू नका. दुर्बिणीला लावला असेल तर आत्ताच काढा. चष्मे चांगले आहेत, ते फक्त उघड्या डोळ्यांवर वापरा, चष्मा लावून दुर्बिणीत अजिबात बघू नका. ते एकेक वाक्य मोठ्याने म्हणत लिहून घेत होते, आणि मला पाचवीच्या वर्गात शुद्धलेखन घालत असल्यासारखं वाटत होतं.

घरी पोचले तेव्हा माझ्या धाग्याचं कुलूप निघालं होतं आणि तो मंचाच्या अगदी माथ्यावर आला होता. माझ्या प्रश्नाखाली पेठकर सरांनी आपल्या नावाने लिहिलं होतं: 'हा प्रश्न खैरनार बाईंनी दोनदा विचारला. दोन्ही वेळा आपण त्यांना गप्प केलं. उत्तर आता देतो. नाही, ट्यूबलाइट दिसायला नको. चूक माझी आहे.' खाली आम्ही लिहिलेली सूचना होती.

यजमानांनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि न मागता चहा मिळण्याचे प्रसंग मला मोजता आले असते.

मंच सगळेच रोज उघडत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही फोन केले. ज्यांना पाकिटं गेली होती त्यांतली अर्धी नावं पेठकर सरांनी घेतली, अर्धी मी. बोरसे सरांनी माझे तास दुसऱ्यांना वाटून दिले आणि शाळेचा फोन माझ्यासमोर आणून ठेवला. बहुतेकांनी ऐकून घेतलं, आभार मानले. एका ठिकाणचे मुख्याध्यापक मात्र चिडले. कार्यक्रम ठरलाय, आता काय सांगता, तुम्ही आहात कोण? मी म्हटलं, "मी चाळीसगावची मराठीची शिक्षिका. कागद डोळ्यांसमोर धरा आणि वर बघा. मग माझ्यावर ओरडा." थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. ओरडायला नव्हता.

अगस्तीचाही निरोप आला. दोनच वाक्यं होती: 'कुलूप मी लावलं होतं. माफ करा.' मी लिहिलं, 'माहीत आहे. कुलूप ठेवा, पण आता किल्लीही जवळ ठेवा.' त्याने हसरा चेहरा पाठवला. तो मला आवडला.

प्रश्न उरला तो आमच्या दुर्बिणीचा. पेठकर सरांनी फोनवर मला शिकवलं की दुर्बिणीत न बघताही सूर्य बघता येतो. दुर्बीण सूर्याकडे रोखायची, तिच्यावरच्या तारा शोधायच्या छोट्या नळीला टोपी घालायची, आणि मागे जरा अंतरावर पांढरा कागद धरायचा. सूर्य त्या कागदावर येऊन पडतो. मी त्यांना एकच गोष्ट चार वेळा विचारली. चारही वेळा त्यांनी नीट सांगितली.

ग्रहणाच्या सकाळी ढग होते. मैदानात मुलं चष्मे लावून आकाशाकडे तोंडं करून बसली होती आणि मी ड्रॉइंगच्या फळ्यावर पांढरा कागद ताणून उभी होते. दुर्बिणीच्या भोवती आम्ही दोरी बांधली होती आणि आमचे शिपाई आप्पा कुणालाही आत सोडत नव्हते, गटशिक्षणाधिकाऱ्यांनासुद्धा. मग ढग सरले. कागदावर एक पांढरा गोल उमटला, आणि त्याच्या कडेचा घास कुणीतरी घेतलेला होता.

मुलं रांगेने येऊन फळ्यासमोर उभी राहत, बघत आणि पुढे सरकत. प्रत्येक रांगेला तो घास आणखी मोठा झालेला दिसायचा. सातवीतल्या एका मुलीने विचारलं की हा खरा सूर्य आहे की फोटो. बाकीची हसली. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं की प्रश्न बरोबर आहे, हलवून बघू. मी दुर्बिणीला किंचित धक्का दिला तसा सूर्य कागदावरून घसरला आणि परत आला. मग कुणी हसलं नाही. त्यानंतर इतके हात वर झाले की रांग पुढे सरकेना.

फाटकापाशी पालकसभेतल्या त्या बाई उभ्या होत्या. मुलाला पाठवलं होतं, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला स्वतःही आल्या होत्या. मी त्यांना बोलावलं. आधी नको नको म्हणाल्या, मग पदर सावरत आल्या आणि फळ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"हे इतकंच असतं होय?" त्या म्हणाल्या.

"इतकंच," मी म्हणाले.

त्या परत गेल्या नाहीत. ग्रहण सुटेपर्यंत फळ्याच्या एका बाजूला उभ्या राहून पुढच्या पुढच्या मुलांना त्याच सांगत होत्या की कुठून बघायचं.

दुपारी निखतचा फोटो आला. मालेगावच्या गल्लीत एका पांढऱ्या चादरीवर सूर्य पडला होता आणि भोवती मुलांची डोकी. भालेरावांनी डेपोतल्या सगळ्यांना दाखवला होता. डॉक्टरांनी लिहिलं की दवाखान्यात आज डोळ्याचा एकही पेशंट आला नाही, आणि इतकं छान वाक्य आपण आजवर लिहिलेलं नाही.

नंतर दुर्बीण कट्टा एका दिवसात बदलला असं नाही. खवचट प्रतिसाद येतच राहिले, आणि त्यांतले काही खरोखर मजेदार असायचे. पण नवख्यांसाठी एक वेगळा विभाग झाला, त्याला कुलूप नव्हतं, आणि तो सांभाळायचं काम पेठकर सरांनी माझ्याकडे दिलं. मी नको म्हटलं नाही. आता मला निवृत्त होऊन बरेच दिवस झाले आहेत, तरी रोज सकाळी चहाबरोबर मी तो विभाग उघडते.

त्या विभागातला पहिला धागा मात्र मला अजून तसाच आठवतो. ग्रहणानंतरच्या रविवारी मी तो उघडला, तर लिहिणाऱ्याचं नाव होतं पेठकर. मंच सुरू झाल्यापासून त्या नावाने कधी प्रश्न आला नव्हता. ते नाव नेहमी उत्तराखाली असायचं.

त्यांनी लिहिलं होतं: 'ज्ञान ग्रहण करतात, आणि सूर्यालाही ग्रहण लागतं. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे? सहावीत असताना हा प्रश्न पडला होता. तेव्हा वर्गात विचारायचं धाडस झालं नाही, नंतर विचारायचं वय राहिलं नाही. इथे कुणाला ठाऊक असल्यास सांगावं.'

त्याखाली हसरा चेहरा एकही नव्हता. निखतने लिहिलं होतं, 'मलापण हा प्रश्न पडलेला.' तिच्याखाली अगस्ती होता: 'मलाही.' त्याच्याखाली आणखी कितीतरी जण, आणि त्यांत मंचावरची जुनी, दबदबा असलेली नावं होती. सगळे उत्तरासाठी थांबले होते.

मी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि उत्तर लिहायला घेतलं. पहिलं वाक्य लिहिलं: 'चांगला प्रश्न आहे, सर.'